निगेटिव्ह नसलेलं लग्न

लोक युरोपला जाऊन येतात आणि पुस्तक लिहितात. मी सांगलीला जाऊन आलो. साताऱ्याहून सकाळची एस.टी. धरली की माणूस जेवायला सांगलीत, याला प्रवास म्हणणंही जरा धाडसाचंच. पण परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "काय, तो बिनरोलचा कॅमेरा बघितलास म्हणे?" तेच ते सांगून तोंड दुखायला लागलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. ज्यांना त्या कॅमेऱ्याची हौस आहे त्यांनी वाचावं. ज्यांच्या घरात लग्न आहे त्यांनी तर जरूर वाचावं.

वाटेवर

माझा साताऱ्यात फोटो स्टुडिओ आहे आणि शामरावचा सांगलीत. आम्ही दोघं कोल्हापुरात एकाच उस्तादाकडं शिकलो, एकाच डार्करूममध्ये फोटो धुवायच्या हायपोच्या वासात वाढलो. आता आमची मुलं लग्नाची झाली. यंदा, म्हणजे नव्व्याण्णव साली, ऐन द्राक्षांच्या हंगामात शामरावच्या सुजाताचं लग्न निघालं. एकुलती एक पोर.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. फोटोग्राफरच्या घरात लग्न असलं की त्या दिवशी त्यानं कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. आपल्या घरचं कार्य काचेतून बघू नये म्हणतात. फोटो परगावच्या फोटोग्राफरनं काढायचे आणि आहेर समजून द्यायचे. माझ्या थोरलीच्या लग्नात शामराव आदल्या दिवशीच साताऱ्यात येऊन बसला होता. त्यानं काढलेला तिचा फोटो अजून माझ्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत आहे, आणि तो बघून आत येणारी गिऱ्हाइकं 'असाच काढा' म्हणतात. तेव्हा सुजाताचं लग्न मी काढायचं हे न बोलता ठरलेलं होतं.

फोनवर शामराव म्हणाला, "मोकळ्या हातानं ये. तुजा डबा आनू नगंस. हितं नवा कॅमेरा हाय, रोलच लागत न्हाई त्येला."

"रोल लागत नाही तर फोटो येतो कशावर?"

"तू ये तर खरं, गड्या."

त्याचा भाचा दिलीप कुपवाडच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. तिथल्या मालकानं परदेशातून हा कॅमेरा आणला होता, कारखान्यातल्या मालाचे फोटो गिऱ्हाइकांना पाठवायला. दिलीपनं तो लग्नापुरता मागून घेतला. शामरावच्या मनात आलं, सांगलीत रोलशिवाय निघणारं पहिलं लग्न आपल्या घरचं असावं. व्हिडिओवाल्यालासुद्धा त्यानं नको म्हणून सांगितलं. मला हे काही पटलं नव्हतं, पण लग्न त्याच्या घरचं. कॅमेरा कपाटात ठेवून निघालो. एस.टी.त बसलो तर खांदा उगाच मोकळा मोकळा वाटत होता.

शेजारी शिराळ्याचे एक गृहस्थ बसले होते. मी फोटोग्राफर आहे कळल्यावर त्यांनी सगळ्या जमातीचा राग माझ्यावर काढला. "आवं, नागपंचमीला लांबलांबनं येत्यात तुमची मान्सं. नाग फना काढून थांबतोय बिचारा, आनि फोटूवाला आपला रोल बदलत बसतोय." मी त्यांना आमच्या बिनरोलच्या कॅमेऱ्याची बातमी दिली. ते म्हणाले, "मग फोटू ऱ्हातोय कुटं?" पेठ नाक्यावर ते उतरले, माझी गाडी हमरस्ता सोडून उसात शिरली, आणि आष्ट्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं चालली. तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून उतरला नाही.

कुपवाड

सांगलीकर पाहुण्याला आधी भडंग देतात, पाणी नंतर. शामरावच्या घरी मी नेलेले कंदी पेढे वहिनींनी आत ठेवले आणि ताटभर भडंग पुढं केलं. आमच्या साताऱ्यात पहिल्या दिवशी तरी पाहुण्याला इतकं तिखट देत नाहीत. डोळ्यांतलं पाणी पुसून होतंय तोवर शामरावनं मला स्कूटरवर मागं घातलं आणि कुपवाडला नेलं.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट शेड. सकाळची पाळी सुटत होती, माणसं मोटारसायकलींवर ट्रिपल सीट घराकडं निघाली होती. दिलीप ऑफिसात होता. तिशीचा, शांत, नाकावर चष्मा. कॅमेरा त्यानं माझ्या हातात दिला. वजनाला साबणाच्या डबीएवढा, मागं काडेपेटीएवढा पडदा. मी सवयीनं मागचं झाकण उघडायला गेलो, तर झाकणच नाही.

"काका, आत एक चकती हाय," दिलीप म्हणाला. "नखाएवढी. तिच्यावर लाखांनी बारक्या वाट्या मांडल्यात असं समजा. तुमी बटण दाबलं की त्या वाट्यांत उजेड पडतो. ज्या वाटीत जेवढा पडला तेवढा मोजायचा, त्याचा आकडा लिहायचा. आकड्यांचा ढीग म्हणजे फोटो."

"आणि रंग?"

"वाटीला रंग कळत नाही. म्हणून हरेकीवर रंगीत काच. दर चारांत एकीवर लाल, एकीवर निळी, दोघींवर हिरवी. लाल काचेच्या वाटीला फक्त लाल कळतो. बाकीचे दोन रंग ती शेजारच्या वाट्यांना विचारते."

म्हणजे फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा एक रंग खरा आणि दोन रंग शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडचे. मला वाटलं, गावात माणसाची ओळख अशीच तर ठरते. पण मी पुढचं विचारलं, कारण माझा जीव परवाच्या लग्नात अडकला होता. बौद्ध लग्न, नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यात, मांडवही पांढरा.

"आणि उजेड जास्त झाला तर?"

दिलीपनं चष्मा काढून पुसला. "काका, तेवढं एक जपा. वाटी भरली की भरली. वर किती सांडलं ते वाटीला कळत न्हाई. कमी पडला तर चालतंय. तळाला थोडं जरी असलं तरी ते कॉम्प्युटरवर वर आणता येतंय. अंधारातनं काढता येतंय, उजेडातनं न्हाई."

आमच्या बरोबर उलटं. हे वाचकांना नीट सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. रोलवर उजेड कमी पडला की निगेटिव्ह कोरी राहते आणि मग ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही. उजेड जास्त पडला तर निगेटिव्ह दाट होते एवढंच. प्रिंट काढताना जरा जास्त वेळ दिला की सगळं जागेवर येतं. म्हणून आमचा हात जन्मभर जास्तीकडंच झुकलेला. शिवाय गिऱ्हाईक. खुर्चीवर टेकायच्या आधी माणूस सांगतो, 'जरा उजळ काढा.' मुलगी दाखवायचा फोटो असला तर तिची आई मला बाजूला घेऊन सांगते. माझ्या जातीत सांगतात, शामरावच्या समाजात सांगतात, पूर्वेकडच्या दुष्काळी भागातली मेंढरं राखणारी माणसं बाजाराला येतात तीही सांगतात. जातीत नसेल इतकी एकी या एका बाबतीत आहे. मग आम्ही उजेड वाढवतो, निगेटिव्हवर शिसपेन्सिलीनं बारीक काम करतो, आणि उरलेलं प्रिंटला सांभाळतो. त्या पेन्सिलीत शामरावचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नाही.

"ऐकलंस का?" मी शामरावला म्हटलं.

तो दारात उभा राहून कुणाला तरी मांडवाच्या खुर्च्यांचं सांगत होता. "ऐकलं. गड्या, कॅमेरा म्हंजे कॅमेरा, उजेड म्हंजे उजेड. वाट्या बिट्या ह्या पोराला सांगू दे."

तासगाव

लग्न नवरदेवाच्या घरी, तासगावच्या अलीकडं एका वस्तीवर होतं. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच तिथं पोचलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, मध्ये बेदाण्याच्या शेड. हिरव्या जाळीचं कापड लावलेले उंच मांडव, आत तारेच्या जाळ्यांचे एकावर एक थर आणि त्यावर सुकत पडलेली द्राक्षं. हवेत आंबूस गोड वास आणि घशाला झोंबणारा गंधकाचा धूर. बेदाणा काळा पडू नये म्हणून ही धुरी देतात. पिवळट, हिरवट मालाला भाव जास्त.

शेडच्या सावलीत बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. त्यांची मुकादम म्हणजे नवरदेवाची आई, पारूबाई. पन्नाशीची काटक बाई, बोलायला खणखणीत. तिचा हात ढिगावरून फिरायचा आणि काळे मणी आपोआप बाजूला पडायचे. नजर माझ्याकडं, हात कामावर.

"तुमी व्हय फोटूवालं? सातारचं?" तिनं मूठभर बेदाणे माझ्या हातावर ठेवले. "खावा. एकबी काळा न्हाई त्यात."

मी त्या बायकांचे दोन-चार फोटो काढून बघितले. कॅमेऱ्यानं सेल खाल्ले. नवे सेल घालून आणखी काढले, तेही खाल्ले. वस्तीवरच्या दुकानातले रेडिओचे सेल तर त्याला घासभर पुरले. शेवटी दिलीपला सांगलीहून चांगले सेल आणायला लावले. एवढ्यात माझ्या लक्षात एक गोष्ट आली. समोर लग्नमांडवाचं पांढरं कापड फार असलं की कॅमेरा बिचकतो, हात आखडता घेतो आणि माणसं सावळी येतात. पण पांढरं शाबूत राहतं, कापडाची वीण दिसते. दिलीप म्हणाला, असंच ठेवा, नंतर माणसं उजळता येतील. मीही तसंच ठरवलं. इतक्या वर्षांनी काहीतरी नवं शिकलो म्हणून मनातून खूषही होतो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लग्न लागलं. त्रिशरण, पंचशील झालं, माणसं हात जोडून उभी. आमच्याकडं अक्षता, वाजंत्री आणि भटजींची घाई यात लग्न कधी लागलं ते फोटोग्राफरलाही कळत नाही. इथली शांतता मला आवडली. सुजाता मान खाली घालून उभी होती. बापाचा रंग, बापाचं सरळ नाक, आणि पांढऱ्या साडीत ती अशी ठसठशीत दिसत होती की मी एक क्षण बटण दाबायचं विसरलो. मग दाबलं. पडद्यावर बघितलं. साडीची प्रत्येक निरी वेगळी, हारातलं फूल न फूल दिसतंय, आणि तिचा चेहरा सावळा, शांत. वाट्या भरल्या नव्हत्या. फोटो बघून मलाच बरं वाटलं.

मी बघितला, आणि माझ्या खांद्यावरून तो मांडवानंही बघितला. इथंच सगळं बिघडलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकाला फोटो आठवड्यानं दिसायचा, आम्ही हात फिरवून झाल्यावर. आता कच्चाच फोटो चव्हाट्यावर. बायकांचा घोळका पडद्याभोवती जमला. सुजातालाही कुणी तरी ओढून आणून दाखवला.

"काळी दिसती की गं," एक म्हणाली.

पारूबाईनं पडदा जवळ घेऊन बघितला. "आवं फोटूवालं, पोरगी येवडी बी काळी न्हाई. माज्या दारात फोटू लागायचाय ह्यो. लोकं काय म्हनतील?"

मी म्हटलं, "बाई, हा कच्चा आहे. नंतर उजळतो."

"मंग आताच उजळ काडा की."

शामराव फेटा सावरत पुढं आला. विहीणबाईच्या तोंडावरची नाराजी त्यानं बघितली आणि त्याचा चेहरा पडला. मी त्याला बाजूला घेतलं. "शामराव, ऐक माझं. जास्त दिला तर साडीत काही राहणार नाही, चेहऱ्यातही राहणार नाही. सांडलेलं परत येत नाही."

"आरं, निगेटिव जरा दाट झाली म्हनून काय बिघडतंय?"

"निगेटिव्ह नाही रे यात."

"दे हिकडं."

त्यानं माझ्या हातातून कॅमेरा घेतला. पोरीच्या लग्नात, सगळ्यांसमोर. मांडवात परगावचे दोन-चार फोटोग्राफर पाहुणे म्हणून आले होते, ते एकमेकांकडं बघायला लागले. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. बापाच्या हातातून कॅमेरा हिसकावायचा कसा? पाहुण्यांपैकी कुणाकडं साधा कॅमेरा नव्हता असं नाही, पण फोटोग्राफरच्या घरच्या कार्यात आपला डबा पिशवीतून काढणार कोण?

उजेड वाढवायचं अधिकचं बटण त्यानं टोकापर्यंत दाबलं, वर फ्लॅश चालू केला आणि जवळ जाऊन सुजाताचे फोटो काढायला लागला. पडद्यावर चेहरा पांढराफटक आला. बायका खूष झाल्या. "आता कशी," पारूबाई म्हणाली. शामराव मोठ्या उत्साहानं काढतच राहिला. एकटी, जोडीनं, आईबरोबर, सासूबरोबर. मध्येच कॅमेरा थांबला. फोटो साठवायचं आतलं कार्ड भरलं होतं. दिलीप जेवणाच्या पंगतीकडं गेला होता. शामरावनं स्वतःच कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं बटण शोधलं आणि जागा व्हावी म्हणून 'काळे' फोटो एकामागून एक पुसून टाकले. मी काढलेले सगळे. त्यांच्या जागेवर त्यानं आपले काढले.

जेवायला बुंदी होती, वांग्याची भाजी झणझणीत होती. मला काही ते गेलं नाही.

पुन्हा कुपवाड

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ऑफिसात दिलीपनं फोटो कॉम्प्युटरवर उघडले. आम्ही तिघंच होतो. काडेपेटीएवढ्या पडद्यावर जे गोरं दिसत होतं, ते इथं मोठं झालं.

सुजाताचे केस होते, भुवया होत्या, डोळे होते, ओठ होते. मधला चेहरा नव्हता. नाक नव्हतं, दोन भोकं होती. गालाला कड नव्हती. साडीला निऱ्या नव्हत्या, काठ नव्हता, मांडव कुठं संपतो आणि पोरगी कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. एकातही नाही, दुसऱ्यातही नाही, कशातच नाही.

"जरा कमी कर उजेड," शामराव म्हणाला. "प्रिंटला आनतो तसा आन."

दिलीपनं कमी केला. पांढरं होतं ते राखाडी झालं. चेहरा आला नाही. त्यानं माउसचा बाण तिच्या गालावर ठेवला आणि कोपऱ्यातले आकडे वाचून दाखवले. "लाल दोनशे पंचावन्न. हिरवा दोनशे पंचावन्न. निळा दोनशे पंचावन्न." बाण कपाळावर नेला. तेच आकडे. साडीवर नेला. तेच. "मामा, दोनशे पंचावन्नच्या वर आकडाच न्हाई. वाटी भरली."

"आनि ह्यानं काडलेलं पयलं? पुसल्यालं परत येत न्हाई?"

"त्यांच्या जागेवर नवे बसले."

शामराव खुर्चीत मागं टेकला. ज्या माणसानं लोकांच्या हजारो पोरी पेन्सिलीनं उजळल्या, त्याला स्वतःच्या पोरीचा चेहरा सापडत नव्हता. मला त्याची दया यायला हवी होती. मला राग आला. मी त्याला सांगितलं होतं, दिलीपनं सांगितलं होतं, लग्नाआधीच कळलं होतं आणि तरी काहीच उपयोग झाला नव्हता. कॅमेरा कसा चालतो ते कळायला मला अर्धी दुपार लागली. मांडव कसा चालतो ते मला आधीपासून माहीत होतं, आणि त्याच्यापुढं माझं काही चाललं नाही.

सांगली

मी लगेच परत निघणार होतो, पण वहिनींनी थांबवून घेतलं. जावई-मुलगी पहिल्यांदा घरी येणार, तोवर थांबा म्हणाल्या.

शामरावनं सुजाताच्या एकटीच्या फोटोची मोठी प्रत काढून आणली, टेबलाशी बसला आणि रंगांच्या वड्या काढल्या. जुन्या काळी काळ्यापांढऱ्या फोटोंना आम्ही ज्यांनी रंग द्यायचो त्याच वड्या. त्यानं आधी नाकाची रेघ ओढली. बघता बघता गालाची कड आली, हनुवटी आली, साडीच्या निऱ्या आल्या. समोर फोटो नव्हता, पोरगी नव्हती, तरी रेघ कुठं चुकली नाही. मी कितीही रागावलेलो असलो तरी असा हात मी दुसरा बघितलेला नाही.

मग तो चेहऱ्याचा रंग कालवायला लागला. पांढरा घेतला, त्यात थेंबभर गुलाबी.

"शामराव," मी म्हटलं, "सुजाताचा रंग तुझा आहे. आता तर तुझ्याच हातात आहे सगळं. खरा दे."

त्यानं ब्रश थांबवला नाही. "फोटू तिच्या सासूच्या दारात लागनार हाय. मला न्हाई नांदायचं तितं, तिला नांदायचंय."

मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.

पोरगी-जावई आले, बरोबर पारूबाईही आली, तासगावच्या बेदाण्याची पिशवी घेऊन. तिनं फोटो दोन्ही हातांत धरून उजेडाला नेला. "ह्याला म्हनत्यात फोटू," ती म्हणाली. शामराव हसला. वहिनी चहाला आत गेल्या. फोटो हातोहात फिरला, जावयानं बघितला, शेजाऱ्यांनी बघितला, आणि शेवटी सुजाताकडं आला. तिनं बघितला, छान आहे म्हणाली, आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळून सासूच्या पिशवीत ठेवला.

मी निघालो तेव्हा ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. माझी पिशवी तिनं हातात घेतली होती.

"काका, तुम्ही काढलेला पहिला फोटो मला दाखवला होता मांडवात," ती म्हणाली.

"हो. तो गेला, पोरी."

"माहीत हाय. म्हणूनच सांगती." तिनं पिशवी रिक्षात ठेवली. "मला तो आवडला होता. सगळ्यांचं ऐकलं बाबांनी. मला कुणी इचारलंच न्हाई."